पायराझोलोन-ॲझो रंजक अँटिऑक्सिडंट आहेत, हे कधी म्हणावे?

प्रश्न थोडक्यात असा. एका संशोधक विद्यार्थिनीने १-फिनाइल-३-मिथाइल-५-पायराझोलोन, म्हणजे आपण ज्याला प्रयोगशाळेत नुसते पीएमपी म्हणतो ते संयुग घेतले. निरनिराळ्या ॲरोमॅटिक अमाइनांचे डायझोटीकरण करून, म्हणजे त्यांचे क्रियाशील डायझोनियम क्षार बनवून, ते पीएमपीला जोडले, म्हणजे कपलिंग केले, आणि पिवळ्यापासून लालसर नारिंगीपर्यंतच्या रंजकांची मालिका तयार केली. पॉलिएस्टरवर रंग चांगला चढला. मग डीपीपीएच चाचणी केली. डीपीपीएच हे जांभळे, टिकाऊ मुक्तमूलक (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला रेणू); अँटिऑक्सिडंट ते संपवतो तसा जांभळा रंग उडतो. नमुन्याचे १ मिली आणि ०.१ मिलिमोलर डीपीपीएचचे ३ मिली मिसळून अर्ध्या तासाने ५१७ नॅनोमीटरला वाचन घेतले. सर्वांत चांगल्या रंजकाचा आयसी५० (निम्मी मूलके संपवायला लागणारी मात्रा) आला प्रति मिली २ मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन सीचा ४. आता त्या विचारतात : 'हे रंजक उत्कृष्ट अँटिऑक्सिडंट आहेत असे प्रबंधात लिहू का? आणखी कोणत्या चाचण्या जोडू?'

तसे लिहू नका. नव्या चाचण्या जोडण्याआधी हाच आकडा तपासायला हवा, कारण तो रसायनशास्त्राच्या हिशेबात बसत नाही. का ते आधी सांगतो, मग पुढचे.

मिसळल्यानंतर डीपीपीएचची संहती ७५ मायक्रोमोलर उरते. आयसी५० म्हणजे त्यातले निम्मे, ३७.५ मायक्रोमोलर मूलक संपवणारी मात्रा. व्हिटॅमिन सीचा एक रेणू दोन मूलके संपवतो, म्हणजे त्याला किमान १८.७५ मायक्रोमोलर लागणार. रेणुभार १७६ धरला तर हे होतात ३.३ मायक्रोग्रॅम. तुमचे ४ आले आहेत. उत्तम, म्हणजे डीपीपीएच ताजे आहे आणि हातही नीट चालला आहे. आता रंजक घ्या. मालिकेतल्या सर्वांत साध्या रंजकाचा, ॲनिलीनपासून केलेल्याचा, रेणुभार २७८ आहे. २ मायक्रोग्रॅम म्हणजे ७.२ मायक्रोमोलर. इतक्याशा रंजकाने ३७.५ मायक्रोमोलर मूलके संपवली असे मानायचे तर प्रत्येक रेणूने पाचाहून जास्त मूलके खाल्ली. ज्या रेणूत देण्याजोगा जेमतेम एक हायड्रोजन आहे त्याने हे कसे करावे? क्लोरो किंवा नायट्रो गट असलेल्या जड रंजकाच्या बाबतीत हिशेब आणखी बिघडतो. हा ताळा प्रत्येक आयसी५०ला लावण्याची सवय ठेवा. छापून आलेल्या पेपरांतले कितीतरी आकडेही त्यात नापास होतात.

व्हिटॅमिन सी बरोबर आणि रंजक चूक, असे एकाच वेळी का झाले? व्हिटॅमिन सी रंगहीन आहे. रंजकाला ५१७ला स्वतःचा रंग आहे. तुम्ही तो वजा केला असणार आणि तिथेच गडबड झाली असावी असा माझा दाट संशय आहे. सॅम्पल ब्लँक (डीपीपीएचशिवाय, फक्त रंजकाच्या रंगाचे वाचन) घेताना रंजकाचे १ मिली द्रावण तसेच क्युव्हेटमध्ये ओतले, त्यात ३ मिली मिथेनॉल घातलेच नाही, तर ब्लँक चौपट गडद येतो. मग चाचणीच्या वाचनातून गरजेपेक्षा चौपट रंग वजा होतो आणि डीपीपीएच प्रत्यक्षात उडाला त्याहून कितीतरी जास्त उडाल्यासारखा दिसतो. योग्य ब्लँक म्हणजे रंजकाचे १ मिली आणि डीपीपीएचऐवजी शुद्ध मिथेनॉलचे ३ मिली, प्रत्येक संहतीसाठी वेगळा. सूत्र नेहमीचेच : कंट्रोलच्या, म्हणजे रंजक नसलेल्या डीपीपीएचच्या, वाचनातून 'नमुना वजा ब्लँक' वजा करा, कंट्रोलने भागा, शंभराने गुणा. उलट टोकाची चूकही होते. ब्लँक घेतलाच नाही तर रंजकाचा रंग डीपीपीएचच्या जांभळ्या रंगात मिळतो आणि चांगला अँटिऑक्सिडंटसुद्धा निकामी दिसतो. लाल रंजकांच्या बाबतीत हे फार होते.

ब्लँक बरोबर घेतला तरी एक अडचण उरते. वजाबाकी करताना आपण गृहीत धरतो की चाचणीत रंजक जसाच्या तसा राहिला. पण रंजकाने मूलकाशी खरोखर अभिक्रिया केली असेल तर तो बदलला, त्याचा रंगही बदलला. म्हणजे अभिक्रिया जितकी चांगली तितकी वजाबाकी कमी भरवशाची. त्यामुळे रंगीत संयुगासाठी ५१७ नॅनोमीटरच्या एका वाचनावर मी कधीच निष्कर्ष काढत नाही. ४०० ते ७०० पूर्ण वर्णपट घ्या, शून्य, पाच, पंधरा, तीस मिनिटांना, आणि डीपीपीएचचा पट्टा खरोखर खाली येतो आहे का हे डोळ्यांनी पाहा.

आता तुमच्या रेणूकडे वळू. मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते याच्याबद्दल, कारण पीएमपीसारखे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. लुडविग नोर यांनी १८८३मध्ये एर्लांगेनला फिनाइलहायड्रॅझीन आणि एथिल ॲसिटोॲसिटेट यांच्यापासून पायराझोलोन बनवले. ते क्विनीन-सदृश क्विनोलीन असावे असा त्यांचा आधी समज होता. त्यातूनच अँटिपायरीन हे तापावरचे औषध आले आणि १८८४मध्ये ते बाजारात उतरले. त्याच वर्षी पायराझोलोन कुळातला टारट्राझीन हा पिवळा रंजकही सापडला, जो आजही मिठाई आणि सरबतांत असतो. पीएमपी स्वतः रंगउद्योगात शंभराहून अधिक वर्षे कपलिंग घटक म्हणून वापरात आहे. पिगमेंट ऑरेंज १३ हे रंगद्रव्य डायक्लोरोबेंझिडीन आणि पीएमपी यांच्यापासूनच होते. आणि हेच पीएमपी, कसलाही बदल न करता, एडाराव्होन या नावाने जपानमध्ये २००१मध्ये मेंदूच्या पक्षाघातावर मुक्तमूलके शोषणारे औषध म्हणून मान्य झाले. २०१७मध्ये अमेरिकेतही एएलएस या चेतापेशींच्या आजारावर त्याला परवानगी मिळाली. म्हणजे तुमच्या बाटलीतली पांढरट पावडर एकाच वेळी रंजकाचा कच्चा माल आहे आणि सिद्ध झालेला अँटिऑक्सिडंट आहे.

मग रंजकही अँटिऑक्सिडंट असणार असे वाटणे साहजिक आहे. पण इथे थांबून रेणू पाहायला हवा. पीएमपीची ताकद वलयातल्या चौथ्या क्रमांकाच्या कार्बनभोवती आहे. तिथले हायड्रोजन आम्लधर्मी आहेत, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू तो हायड्रोजन सोडतात तो आकडा) सुमारे ७ आहे, त्यामुळे शरीराच्या पीएचला निम्म्याहून अधिक रेणू ऋणायन होऊन बसतात आणि ते ऋणायन मूलकाला चटकन इलेक्ट्रॉन देते. त्यातून उरणारे मूलक त्याच कार्बनवर ऑक्सिजन घेते आणि वलय पुढे उघडते. आता डायझोनियम कुठे जोडले जाते? याच चौथ्या कार्बनवर. ज्या जागेवर अँटिऑक्सिडंट गुण होता ती जागा रंग बनवताना खर्च होते.

आणि कपलिंगनंतर जो रेणू मिळतो तो बहुतेक पेपरांत काढतात तसा ॲझो-एनॉल (एन=एन बंध आणि वलयावर ओएच असलेले रूप) नसतोच. तो हायड्रॅझोन असतो. अमाइनकडच्या नायट्रोजनवर हायड्रोजन आणि समोर पायराझोलोनचा कार्बोनिल, दोघांत सहा अणूंचे वलय बांधणारा पक्का हायड्रोजन बंध. तुमच्या एनएमआरमध्ये डॉयटेरोक्लोरोफॉर्म वापरून १३ ते १४ पीपीएमच्या दरम्यान एक एकाकी सिग्नल दिसत असेल, तो हाच एन–एच. पीएमपीचा ३.४ पीपीएमजवळचा सीएच२ गेलेला असेल. आयआरमध्ये १६६०च्या आसपास कार्बोनिल दिसेल. हे सगळे दिसत असताना प्रबंधात ॲझो-एनॉलची आकृती काढू नका, परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतील. मुद्दा हा की असा आतल्या आत बांधलेला हायड्रोजन मूलकाला सहज मिळत नाही. त्यामुळे साध्या ॲनिलीनपासून केलेला पीएमपी रंजक हा पीएमपीपेक्षा दुबळा अँटिऑक्सिडंट निघावा अशीच माझी अपेक्षा आहे. तुमच्या मालिकेत प्रमाण म्हणून व्हिटॅमिन सी आहे, पण पीएमपी नाही. ते नसेल तर कपलिंगने गुण वाढला की घटला हे कळणारच नाही. पहिल्या ओळीत पीएमपी, मग रंजक, असा तक्ता करा.

यातूनच आणखी एक धोका निघतो. रंजकात न जोडलेले पीएमपी थोडे जरी उरले असेल तर चाचणीत दिसणारी क्रिया त्याचीच असू शकते. रंजक दिसायला शुद्ध असतो, कारण पीएमपी रंगहीन आहे आणि रंजकाच्या गडद छटेत लपते. उपाय सोपा आहे. टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) चालवा, प्लेट वाळवा, त्यावर डीपीपीएचचे मिथेनॉलमधले विरळ द्रावण फवारा. जांभळ्या पार्श्वभूमीवर रंजकाच्या ठिपक्यापासून दूर कुठे फिकट पिवळसर ठिपका उमटला तर तिथे तुमचा खरा अँटिऑक्सिडंट बसला आहे. बाजूलाच शुद्ध पीएमपीचा ठिपका लावलेला असेल तर ओळख लगेच पटते. नमुना पुन्हा स्फटिकीकरण करून घ्या आणि दोन्ही वेळचे आयसी५० शेजारी ठेवा. शुद्ध होत गेला तसा गुण कमी होत गेला, तर उत्तर मिळालेच.

पीएमपी शिल्लक राहू नये म्हणून कपलिंगच्या वेळीच काळजी घेता येते. डायझोटीकरणाला अमाइनच्या एका मोलला अडीच ते तीन मोल हायड्रोक्लोरिक आम्ल, तापमान ० ते ५ अंश, सोडियम नायट्राइट हळूहळू. शेवट स्टार्च-आयोडाइड कागदावर निळा डाग येऊन टिकला की समजायचा आणि जास्तीचे नायट्रस आम्ल सल्फामिक आम्लाने मारायचे, नाहीतर ते पीएमपीच्या त्याच चौथ्या कार्बनवर नायट्रोसो करून बसते. पीएमपी सौम्य सोड्यात विरघळवून पीएच ८च्या आसपास ठेवा. फार अल्कली झाले तर डायझोनियम डायझोटेटमध्ये जाते आणि कपलिंग मंदावते. शेवट पाहायला गाळणकागदावर ठिपका टाका. त्याच्या कडेला एच-ॲसिड या डायझोशी लगेच रंग देणाऱ्या कपलिंग घटकाचे अल्कलीयुक्त द्रावण लावल्यावर रंग आला तर डायझो शिल्लक, डायझोचे द्रावण लावल्यावर रंग आला तर पीएमपी शिल्लक. रंगकारखान्यात पिढ्यानपिढ्या हीच पद्धत आहे आणि प्रयोगशाळेत ती विसरली जाते याचे मला वाईट वाटते. दोन-अमिनोबेंझोथायाझोलसारखे विषमचक्रीय अमाइन घेणार असाल तर ते पाण्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात नीट डायझो होत नाही, त्याला नायट्रोसिल सल्फ्युरिक आम्ल लागते. आणि कुठल्याही परिस्थितीत डायझोनियमचा घन क्षार गाळून वाळवू नका, त्याचा स्फोट होतो.

आता चाचण्या. पिवळ्या-नारिंगी-लाल रंजकांसाठी माझी पहिली पसंती एबीटीएस, म्हणजे दुसऱ्या एका रंगीत मूलकावरची चाचणी. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट अंधारात १२ ते १६ तास ठेवले की निळसर हिरवे धनायन-मूलक तयार होते. ते ७३४ नॅनोमीटरला ०.७० वाचन येईपर्यंत विरळ करायचे. तुमचे रंजक ७३४ला जवळजवळ काहीच शोषत नाहीत, त्यामुळे रंगाचा अडथळा बहुतांशी मिटतो. रंजक पाण्यात उतरत नाही, म्हणून एबीटीएस इथेनॉलमध्ये विरळ करा आणि गढूळपणा येतो का ते पाहा. रंजक खाली बसला तर ते वाचन फेकून द्या.

डीपीपीएच सोडायचेच नसेल तर एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, करा. डीपीपीएचचे शिखर रंजकाच्या शिखरापासून वेगळे येते, त्याचे क्षेत्रफळ किती घटले ते मोजा. रंग आड येत नाही. ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) मिळाला तर त्याहून उत्तम, कारण तिथे थेट अयुग्मित इलेक्ट्रॉनच मोजला जातो, रंगाशी संबंधच नाही. आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये, म्हणजे तिथल्या प्रगत विश्लेषण उपकरणांच्या केंद्रात, ती सोय आहे आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही तिथे घेतले जातात. सगळी मालिका पाठवायची गरज नाही. पीएमपी, एक चांगला रंजक, एक वाईट रंजक, इतके पुरे.

एफआरएपीबद्दल, म्हणजे फेरिक लोहाचे क्षपण मोजणाऱ्या चाचणीबद्दल, सावध राहा. त्यात वाचन ५९३ला असते, म्हणजे रंगाचा त्रास कमी. पण कार्बोनिल आणि हायड्रॅझोन नायट्रोजन शेजारी असलेले तुमचे रंजक धातूला चिमटीत पकडतात. लोह पकडले तर आकडा क्षपणाचा आहे की संकुलाचा, हे सांगता येत नाही. फेरिक क्लोराइडबरोबर रंजकाचा वर्णपट वेगळा घेऊन पाहा, पट्टा सरकला तर एफआरएपीचा आकडा प्रबंधात घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडची २३० नॅनोमीटरवरची चाचणी तर या संयुगांसाठी निरर्थकच आहे. फिनाइल वलये तिथे स्वतःच जोरात शोषतात.

आणि आयसी५० मायक्रोग्रॅममध्ये न देता मायक्रोमोलरमध्ये द्या. रेणुभार १७६चे व्हिटॅमिन सी आणि ३५०चा रंजक यांची वजनावर तुलना केली तर रेणूबद्दल काही कळत नाही. सोबत डीपीपीएचची अंतिम संहती लिहा, ती नसेल तर दुसऱ्या कुणालाही तुमच्या आकड्याशी आपला आकडा ताडता येत नाही.

एवढे वाचून मालिका वाया गेली असे वाटू देऊ नका. रंग आणि मूलकशोषण एका रेणूत बसवता येते, फक्त शोषणाची जागा दुसरीकडे द्यावी लागते. अमाइनच्या बाजूने फिनॉल आणा. पॅरा-अमिनोफिनॉलपासून सुरुवात करता येईल, पण तिथे रंजकाचा इलेक्ट्रॉन ओढणारा हायड्रॅझोन भाग ओएचशी थेट संयुग्मित राहतो, त्यामुळे किती फायदा होतो हे मोजूनच कळेल. ओएचच्या शेजारी मेथॉक्सी गट असेल तर ओ–एच बंध सैल होतो आणि आकडे सुधारतात. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो : इलेक्ट्रॉन देणारा गट मधे दोन सीएच२ ठेवून जोडायचा, म्हणजे रंगाचा भाग आणि शोषणाचा भाग एकमेकांच्या आड येत नाहीत. छटा जवळपास तीच राहते, कारण संयुग्मन बदलत नाही.

आणि पीएमपी सोडून पाहायची तयारी असेल तर फिनोथायाझीनकडे वळा. मिथिलीन ब्लू हा १८७६चा रंजक त्याच सांगाड्याचा आहे, आणि नुसते फिनोथायाझीन ॲक्रिलिक आम्ल टाकीत आपोआप बहुलक होऊ नये म्हणून मूलक-रोधक म्हणून घालतात. त्याचा एन–एच बंध साधारण ७९ किलोकॅलरीचा, तर साध्या फिनॉलचा ओ–एच ८७च्या घरात, म्हणजे हायड्रोजन देण्यात फिनोथायाझीन बराच पुढे. मात्र मिथिलीन ब्लूमध्ये तो एन–एच राहिलेला नाही, ती ऑक्सिडीकृत अवस्था आहे. रंग यायला एन–एच द्यावा लागला. म्हणजे पीएमपीत जे झाले तेच इथे दुसऱ्या वाटेने झाले. तेव्हा फिनोथायाझीनचा एन–एच शाबूत ठेवून त्याच्या बेंझीन वलयावर ॲल्डिहाइड, आणि तिथून रंग देणारा संयुग्मित भाग, अशी रचना करा. तुमच्या प्रयोगशाळेत पीएमपी आहेच, त्या ॲल्डिहाइडशी पीएमपीचे नोव्हेनागेल संघनन (पाणी बाहेर टाकून कार्बन-कार्बन दुहेरी बंध बनवणारी अभिक्रिया) केले तर गडद रंग मिळतो आणि एन–एच जागेवर राहतो. यात प्रबंधाचे एक पूर्ण प्रकरण आहे.

कापडाबद्दल. १३० अंशाला, पीएच ५च्या आसपास, विक्षेपक (रंजक पाण्यात पसरवून ठेवणारा पदार्थ) घालून तासभर रंगवणे ही तुम्ही कळवलेली पद्धत ठीक आहे. पण पक्केपणा तपासण्याआधी रिडक्शन क्लिअरिंग (वरचा सुटा रंग क्षपणाने धुऊन काढणे) केले का, हे तुम्ही लिहिलेले नाही. कॉस्टिक आणि हायड्रोसमध्ये (सोडियम डायथायोनाइट) ७० ते ८० अंशाला पंधरा-वीस मिनिटे धुतले नाही तर धाग्याच्या पृष्ठभागावर बसलेला रंग घासण्याच्या आणि धुण्याच्या चाचणीत उतरतो आणि रंजकाला विनाकारण कमी गुण मिळतात. आयएसओ १०५ मालिकेतल्या धुणे, घासणे आणि प्रकाश या तीन चाचण्या कराच. प्रकाशाचा पक्केपणा १ ते ८च्या निळ्या लोकर प्रमाणावर येतो, बाकीचे १ ते ५च्या करड्या प्रमाणावर, दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका. लहान रेणूंचे पीएमपी रंजक इस्त्रीच्या तापमानाला उडतात, म्हणून सब्लिमेशनची चाचणीही हवी.

रंगवलेल्या कापडाचा अँटिऑक्सिडंट गुण दाखवायला बरेच जण कापडाचे तुकडे डीपीपीएचच्या मिथेनॉल द्रावणात टाकतात. पॉलिएस्टरच्या आत अडकलेल्या रंजकापर्यंत मूलक पोहोचणे कठीण, आणि मिथेनॉल मात्र थोडा रंजक बाहेर ओढते. दिसणारी क्रिया कापडाची नसून त्या सुटलेल्या रंजकाची असते. तुकडा आधी तितकाच वेळ नुसत्या मिथेनॉलमध्ये ठेवा, बाहेर काढा, उरलेल्या मिथेनॉलमध्ये डीपीपीएच घाला. जांभळा रंग त्यातही तितकाच उडाला तर 'अँटिऑक्सिडंट कापड' हा शब्द वापरू नका. सोबत न रंगवलेल्या कापडाचा तुकडाही ठेवा.

शेवटी, अमाइनांची यादी पुन्हा एकदा पाहा. ऑर्थो-टोल्युइडीन, ऑर्थो-ॲनिसिडीन आणि पॅरा-क्लोरोॲनिलीन या तिन्ही बाटल्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या फळीवर असतात आणि मालिका बनवताना हात आपसूक त्यांच्याकडे जातो. ॲझो बंध तुटून सुटणाऱ्या ज्या २२ अमाइनांवर युरोपात बंदी आहे त्यांत ही तिन्ही आहेत, आणि कापडात त्यांची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. तुमचा रंजक हायड्रॅझोन रूपात असला तरी क्षपणाने त्यातून तेच अमाइन निघते. ही तीन उदाहरणे रचना-गुणधर्म तुलनेसाठी तक्त्यात ठेवायला हरकत नाही, पण कापडावरच्या वापराच्या प्रकरणातून काढा आणि त्यांच्या जागी पॅरा-ॲनिसिडीन किंवा मेटा-क्लोरोॲनिलीनपासून केलेले रंजक घ्या.